मायक्रोसॉफ्ट आणि व्यवसाय सॉफ्टवेअर

हिशेब, वेतनपत्रके, मालसाठा आणि खरेदी-विक्री यांच्या नोंदी एकत्र ठेवणाऱ्या संगणक प्रणालींना व्यवसाय सॉफ्टवेअर म्हणतात. विंडोजसाठी ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनीने या क्षेत्रात मोठे पाऊल टाकले ते डिसेंबर २००० मध्ये. नॉर्थ डकोटा राज्यातील फार्गो येथील ग्रेट प्लेन्स सॉफ्टवेअर ही कंपनी सुमारे ११० कोटी डॉलर किमतीचे समभाग देऊन विकत घेण्याचा निर्णय तिने जाहीर केला. २००२ मध्ये डेन्मार्कची नॅव्हिजन ही कंपनीही तिने ताब्यात घेतली.

लहान व मध्यम उद्योगांमध्ये स्थान मिळवणे, हा यामागील उद्देश होता. मोठ्या उद्योगांच्या बाजारपेठेत जर्मनीच्या सॅपचे आणि अमेरिकेच्या ओरॅकलचे वर्चस्व होते. मायक्रोसॉफ्ट व सॅप यांच्यात विलीनीकरणाची प्राथमिक बोलणी होऊन ती थांबल्याचे जून २००४ मध्ये उघड झाले.

एकीकरणाचा प्रयत्न

या खरेदीमुळे ग्रेट प्लेन्स, सॉलोमन, नॅव्हिजन व अ‍ॅक्साप्टा अशा चार स्वतंत्र प्रणाली एकाच कंपनीकडे आल्या. त्यांच्या जागी एकच प्रणाली उभारण्याची ‘प्रोजेक्ट ग्रीन’ ही योजना आखण्यात आली. मात्र ती मूळ स्वरूपात पूर्णत्वास गेली नाही. २००५ मध्ये चारही प्रणालींना ‘डायनॅमिक्स’ हे समान नाव मिळाले, परंतु त्यांची अंतर्गत रचना वेगवेगळीच राहिली. २०१६ मध्ये इंटरनेटद्वारे वापरावयाची ‘डायनॅमिक्स ३६५’ ही सेवा सुरू झाली. नॅव्हिजनची पुढील आवृत्ती २०१८ पासून ‘बिझनेस सेंट्रल’ या नावाने उपलब्ध झाली.

ग्राहकांपुढील प्रश्न

ज्या ग्रेट प्लेन्सपासून ही वाटचाल सुरू झाली, त्या प्रणालीच्या समाप्तीचे वेळापत्रक कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केले. त्यानुसार ३१ डिसेंबर २०२९ नंतर तिला तांत्रिक साहाय्य मिळणार नाही. सुरक्षाविषयक दुरुस्त्या एप्रिल २०३१ पर्यंत पुरवल्या जातील.

हिशेबाची प्रणाली बदलणे हे लेखनाचा कार्यक्रम बदलण्याइतके सोपे नसते. जुन्या नोंदी नव्या प्रणालीत आणाव्या लागतात, कर्मचाऱ्यांना पुन्हा प्रशिक्षण द्यावे लागते आणि या काळात दैनंदिन व्यवहारही थांबवता येत नाहीत. मायक्रोसॉफ्ट दोन दशकांहून अधिक काळ या बाजारपेठेत टिकून आहे, ही बाब महत्त्वाची खरी. तथापि, बाजारपेठेशी असलेली बांधिलकी आणि एखाद्या विशिष्ट प्रणालीशी असलेली बांधिलकी या दोन भिन्न गोष्टी आहेत. म्हणूनच अशी प्रणाली निवडताना कंपनीच्या नावाबरोबरच साहाय्याची मुदत आणि आपल्या नोंदी बाहेर काढण्याची सोय यांचीही खातरजमा करणे हिताचे ठरते.