तासाला चार चमचे

पहाटे ५.३० (१५ तास आधी)

नौतप्याचा तिसरा दिवस. या दिवसांत रायपूरच्या तात्यापाऱ्यातली जुनी घरं रात्रीसुद्धा निवत नाहीत. डोकं ठणकत होतं म्हणून जाग आली. आडवं झालं की ठणका वाढायचा, भिंतीला टेकून बसलं की जरा उतरायचा. ही खूण मला ठाऊक असायला हवी होती.

माझ्या डोक्यात पाणी साठतं, जन्मापासून. मेंदूच्या पोकळ्यांत सगळ्यांच्याच एक नितळ पाणी तयार होत असतं. दिवसाला साधारण अर्धा लिटर. म्हणजे तासाला वीस मिली, चहाचे चार चमचे. ते वाहत वाहत रक्तात मुरतं. माझी मधली अरुंद वाट जन्मतःच बंद होती, म्हणून दोन महिन्यांची असताना शंट बसवला. उजव्या कानामागे झडप, तिथून कातडीखालून मान, छाती आणि पोटापर्यंत नळी. सहाव्या वर्षी ती बदलली. पुढची वीस वर्षं तिने काही त्रास दिला नाही, आणि घरात तिचं नाव निघणंही बंद झालं.

सकाळी ७.००

ओकारी झाली. मळमळ नाही, काही नाही, एकदम. "लू लागली," बाबा म्हणाले. काकूने कैऱ्या उकडून पन्हं केलं, कांदा किसून तळपायांना चोळला. मे महिन्यात रायपुरात डोकं दुखून ओकारी झाली, तर कुणीही हेच म्हणेल.

सकाळी ९.३० (११ तास आधी)

गल्लीतल्या डॉक्टरांनी ताप पाहिला, जीभ पाहिली. "पहले से कोई तकलीफ? कोई ऑपरेशन?"

"नहीं," मी म्हणाले.

त्यांनी विचारलं होतं, हे मला लिहून ठेवायचंच आहे. आई शेजारी उभी होती, तीही बोलली नाही. डोक्यात नळी आहे हे कळल्यावर दोन स्थळं परत गेली होती. तेव्हापासून माझी वेणी उजव्या कानावरून यायची; हे वळण आईनेच लावलेलं. दवाखान्यात तरी केस मागे घ्यायचे, हे आम्हा दोघींनाही सुचलं नाही. खोटं बोलतोय असं वाटलंच नाही, इतकी त्या उत्तराची सवय झाली होती.

दुपारी १२.००

इंजेक्शनने ओकाऱ्या थांबल्या. घराला हायसं वाटलं. वाट तुंबलेलीच होती, आणि नळी बंद पडली म्हणून पाणी तयार व्हायचं थांबत नाही.

या झडपेची गोष्ट मला लहानपणी एका सर्जननी सांगितली होती. फिलाडेल्फियाच्या कुलपांच्या कारखान्यातला कारागीर जॉन होल्टर. १९५५ मध्ये त्याला मुलगा झाला, केसी. त्याच्याही डोक्यात पाणी साठू लागलं. होल्टरने घरी बसून सिलिकॉनची झडप घडवली आणि १९५६ मध्ये ती वापरात आली. आपल्याकडे शहाजहानपूरला बनणाऱ्या छाब्रा शंटमुळे हा इलाज आमच्यासारख्या घरांच्या आवाक्यात आला. पण नळी ती नळीच. लहानपणी बसवलेल्या शंटांपैकी जवळपास निम्मे पहिल्या दोन वर्षांतच बिघडतात, आणि वीस वर्षं नीट चाललेलाही एका दिवसात बंद पडू शकतो.

दुपारी २.३० (६ तास आधी)

पंखे दोन दिसायला लागले, शेजारी शेजारी. नीट बघावं म्हणून नजर वर न्यायला गेले, तर डोळे वर जाईनात. मान मागे टाकून पाहावं लागलं. हे कुणाला सांगितलं नाही. ऊन बाधलंय, झोपले की बरं वाटेल, असं वाटलं.

मला आठवतं ते एवढंच. पुढचं आईचं आहे.

दुपारी ४.००

"झोपली एकदाची," असं म्हणून तिने कूलर माझ्याकडे वळवला आणि खोलीचं दार लोटून घेतलं.

संध्याकाळी ५.४०

आई चहा घेऊन उठवायला आली. हाक मारली की मी हुंकार द्यायचे, डोळे उघडत नव्हते. मला उठवून बसवताना तिचा हात कानामागे गेला. तिथला उंचवटा तिने बोटाने दाबला. सहाव्या वर्षीच्या ऑपरेशननंतर तिला तसं दाखवलं होतं. दाबून सोडला की तो पुन्हा भरून वर यायला हवा. बोट उचललं तरी खळगा तसाच राहिला.

"लू नाहीये हो ही," ती ओरडली, "हिची नळी बंद पडलीय."

संध्याकाळी ६.०५ (अडीच तास आधी)

जुनी फाईल सापडेना. ती लोखंडी कपाटात, लग्नासाठी घेऊन ठेवलेल्या साड्यांच्या तळाशी होती. वीस मिनिटं गेली. मग तात्यापारा चौक ते शारदा चौक. अर्धा किलोमीटरचा हा चिंचोळा पट्टा, त्याच्या रुंदीकरणाची चर्चा ऐकतच मी मोठी झाले. बाजाराची वेळ. रिक्षात माझं डोकं आईच्या मांडीवर, आणि पुढे मोटारी, ठेले, स्कूटर, सगळं ठप्प. बाबा उतरून हातवारे करत वाट मोकळी करत होते.

रात्री ७.१५

हॉस्पिटलात पोचलो. नाडी ४८. रक्तदाब चढलेला. उजवी बाहुली विजेरीच्या उजेडाला दाद देत नव्हती. सीटी स्कॅनमध्ये पोकळ्या फुगलेल्या. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, शंट आहे हे सकाळी कुणाला सांगितलं होतं का. आई म्हणते, त्या वेळी तिला माझी वेणीच दिसत होती. तोवर ती नर्सने कापून पिशवीत घालून तिच्या हातात दिली होती.

रात्री ८.३०

ऑपरेशन. नळीचं तोंड मोकळं झाल्यावर पाणी दाबाने उडालं म्हणे. मी वाचले. पण डोळ्यांमागच्या नसा इतके तास त्या दाबाखाली होत्या.

तिसऱ्या दिवशी आई मला पेज भरवत होती. "आ कर," ती म्हणाली. मी तोंड उघडून वाट पाहत राहिले. तिचा आवाज अगदी जवळून येत होता, आणि चमचा ओठांना टेकेपर्यंत मला दिसला नाही.