उताण्या उंदरांची दोन घराणी

दारू टोचलेला उंदीर उताणा ठेवला, तर काही वेळ तसाच पडून राहतो. एरवी तो क्षणात पालथा होऊन पळाला असता. पुन्हा पायांवर येईपर्यंतची मिनिटं मोजायची, एवढीच ही चाचणी. ‘लाँग स्लीप’ आणि ‘शॉर्ट स्लीप’ ही उंदरांची दोन घराणी तिच्यातूनच जन्मली.

त्यांचा जनक अमेरिकी संशोधक जेराल्ड मॅक्लर्न. १९५९मध्ये बर्कलीत त्याने आणि त्याचा सहकारी रॉजर्सने उंदरांच्या पिंजऱ्यांत दोन बाटल्या ठेवल्या, एकीत पाणी, दुसरीत दहा टक्के दारू. सी५७ वाणाचे उंदीर आपणहून दारूकडे वळले, डीबीए वाणाच्या उंदरांनी ती जवळपास टाळलीच. वाढवण्याची पद्धत एकच, म्हणजे ओढीत रक्ताचा वाटा होता.

पण ओढ वेगळी आणि चढणं वेगळं. १९६६मध्ये काकिहाना, मॅक्लर्न आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तेवढ्याच दारूवर बाल्ब वाणाचे उंदीर सी५७पेक्षा खूप जास्त वेळ पडून राहतात. दारू शरीरातून उतरण्याचा वेग मात्र दोघांत सारखाच होता. बाल्ब जागे होत, तेव्हा त्यांच्या मेंदूत दारू कमी उरलेली असे. म्हणजे फरक पचवण्यात नव्हता, मेंदूतच होता. या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा शोध.

मग निवड सुरू झाली. आठ वाणांच्या संकरातून आलेल्या उंदरांपैकी जास्त वेळ पडून राहणाऱ्यांची आपसात जोडी लावायची, लवकर उठणाऱ्यांची आपसात. हे काम पुढे बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठात चाललं. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या आणि दोन घराण्यांत इतकं अंतर पडलं, की ‘लाँग स्लीप’मधला सर्वांत लवकर उठणारा उंदीरही ‘शॉर्ट स्लीप’मधल्या सर्वांत उशिरा उठणाऱ्याच्या मागे राहू लागला. यामागे एकच ‘दारूचं जनुक’ सापडलं नाही. गुणसूत्रांवर अनेक जागा सापडल्या, प्रत्येकीचा वाटा थोडाथोडा.

दारू कमी-जास्त चढण्याचा हाच फरक माणसांत तपासायला मार्क शुकिट या डॉक्टरांनी विशीतल्या तरुणांना मोजून दारू दिली आणि सुमारे दहा वर्षांनी त्यांना पुन्हा गाठलं. विशीत ज्यांना दारू कमी चढली होती, त्यांच्यात पुढे व्यसनी झालेले जास्त निघाले. तेव्हा घरात व्यसनाचा इतिहास असेल आणि ‘मला चढतच नाही’ असं तुम्हाला वाटत असेल, तर त्याच कारणासाठी पेल्यापासून दूर राहा.