सातबारा नसलेले पाणी

१३ एप्रिल १९८७ रोजी महाराष्ट्र शासनाने मालवणचा समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर केला. एकूण क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. त्यातला ३.१८२ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासचे पाण्याखालचे खडक यांच्याभोवतीचा, उरलेला २५.९४ चौरस किलोमीटरचा पट्टा त्याच्या रक्षणासाठी. या आकड्यांत दशांशचिन्हापुढे तीन स्थानांपर्यंत काटेकोरपणा आहे. त्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या रापणीचे जाळे ओढणाऱ्यांचा, गळ टाकणाऱ्यांचा हक्क किती, याची मोजदाद करायला मात्र त्या वेळच्या कायद्यात जागाच नव्हती. ती का नव्हती आणि पुढे काय झाले, हे कायद्यांची कलमे, अधिसूचना, शासकीय आदेश आणि पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे एक टिपण शेजारी शेजारी ठेवले की बरेच उलगडते.

आधी जुने टिपण. मुंबईच्या ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनी १८५० मध्ये कराचीच्या मुशीमारीविषयी लिहिले आणि लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने ते छापले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. बुइस्ट सांगतात की मुशी मारण्यासाठी तिथे १३ मोठ्या होड्या होत्या, प्रत्येकीवर १२ माणसे, आणि वर्षाला निदान ४० हजार मुशी मारल्या जात. मुशीचे पर मुंबईमार्गे चीनला जात. ४० हजार हा आकडा नंतर अनेकांनी उचलला. पण बुइस्ट त्याच टिपणात एका होडीची वर्षाची सरासरी अंदाजे ३ हजार धरतात. १३ होड्यांचे ३९ हजार होतात आणि वर थोडे धरले की ४० हजार. म्हणजे बंदरावर बसून कोणी मुशी मोजल्या नव्हत्या. हा गुणाकार आहे. परांचा व्यापार मोठा होता, एवढे त्यावरून ठामपणे म्हणता येते. त्यापुढे जाता येत नाही.

याच टिपणात ‘म्होर’ नावाच्या एका प्रचंड माशाचा उल्लेख आहे. बाकीच्या मुशी जाळ्यात येत. हा एकटा हिंडणारा, पाण्याच्या पृष्ठभागावर निजल्यासारखा तरंगणारा, आणि त्याला हार्पूनने मारत. लांबी बहुधा ४० फूट, कधी ६० फूट. बुइस्ट त्याला बास्किंग शार्क म्हणतात. ती जात थंड समुद्रातली. अरबी समुद्रात एवढा मोठा, संथ आणि पृष्ठभागावर येणारा मासा व्हेल शार्कच असणार; १८ मीटर, म्हणजे ६० फूट, ही त्याच्या लांबीची माहीत असलेली वरची मर्यादाही जुळते. पुढे १९४१ मध्ये एस. एच. प्रेटर यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारताच्या किनाऱ्यावरील व्हेल शार्कच्या नोंदी एकत्र केल्या, त्यात मुंबईला किनाऱ्यावर आलेल्या एका माशाचीही नोंद होती. सौराष्ट्रात या माशाच्या यकृताचे तेल लाकडी होड्यांना चोपडत. १९९० च्या दशकात त्याच्या मांसाला परदेशी गिऱ्हाईक मिळाले आणि शिकार वाढली.

बुइस्ट आणि प्रेटर, दोघांच्याही नोंदीत मासा आहे. मारणारी माणसे मात्र होडीवरच्या संख्येपुरती येतात. पुढच्या सरकारी कागदांतही हा झुकाव दिसतो.

आता १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्याच्या घडणीत जमीनच आहे. अभयारण्यातले लोकांचे हक्क ठरवताना जिल्हाधिकाऱ्याने ‘जमिनीतील किंवा जमिनीवरील’ हक्कांची चौकशी करावी, असे १९ वे कलम सांगते. जमिनीच्या व्याख्येत कालवे, खाड्या, नद्या, तलाव, खडकसुद्धा येतात. खुला समुद्र येत नाही. मराठवाड्यातल्या ताडकळसच्या शेतकऱ्याला हा कायदा काळविटाच्या निमित्ताने माहीत असतो. काळवीट पहिल्या अनुसूचीत, त्याला हात लावायचा नाही. पण कळपाने सोयाबीन किंवा तूर खाल्ली, तर वनखात्याकडे तक्रार, पंचनामा आणि सातबारा जोडून भरपाईचा अर्ज, असा रस्ता आहे. शासन निर्णयात ‘हरीण (सारंग व कुरंग)’ असा उल्लेखही सापडतो. भरपाई पुरेशी नाही, वेळेवर मिळत नाही, ही तक्रार खरी. तरी शेत कुणाचे, हा प्रश्न तिथे सुटलेला असतो. मालवणच्या रापणकऱ्याकडे समुद्राचा सातबारा नसतो. १९८७ ची अधिसूचना या जमिनीच्या कायद्यानेच निघाली होती, म्हणून तिच्यापाशी त्याचा हक्क नोंदवण्याचा नमुनाच नव्हता. मच्छीमारांचा अभयारण्याला पहिल्यापासूनचा विरोध या त्रुटीतून उभा राहिलेला दिसतो.

ही त्रुटी संसदेच्या लक्षात आली, पण चार वर्षे उशिरा. १९९१ च्या दुरुस्तीने कायद्यात २६-अ हे कलम आले. प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा, तर केंद्राची पूर्वसंमती हवी, सीमा नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकाशी विचारविनिमय करून ठरवायच्या, आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हितरक्षणाची पुरेशी तजवीज आधी करायची. शिवाय होड्यांच्या निरुपद्रवी ये-जा करण्याच्या हक्काला बाधा येऊ नये, असेही ते सांगते. ‘आधी’ ही अट महत्त्वाची. तजवीज हे अभयारण्य जाहीर झाल्यानंतरचे काम राहिले नाही, जाहीर करण्याची पूर्वअट झाले. मालवणचे अभयारण्य मात्र १९८७ चे. ही अट लागू होण्यापूर्वीच त्याचा कागद निघून गेला होता.

दहा वर्षांनी मच्छीमारांची तजवीज न करता निर्णय घेण्याचा हाच प्रकार दिल्लीहून मुशींच्या बाबतीत घडला. माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटाने गुजरातमधली व्हेल शार्कची शिकार लोकांसमोर आणली. २८ मे २००१ रोजी व्हेल शार्क पहिल्या अनुसूचीत गेला. तिथे पोहोचलेला तो पहिला मासा. (कायद्यातल्या ‘प्राणी’ या व्याख्येत मासे स्पष्टपणे आले ते २००२ च्या दुरुस्तीत. म्हणजे अनुसूचीत मासा आधी आला, व्याख्येत नंतर.) येथपर्यंत ठीक होते. ११ जुलै २००१ च्या अधिसूचनेने मात्र सगळ्याच मुशी आणि पाकट पहिल्या अनुसूचीत टाकले. तेव्हाच्या कलम ५१ नुसार अशा प्राण्याच्या गुन्ह्याला किमान एक वर्षाची कैद होती. मोरीचे, म्हणजे मुशीचे, मटण हा मालवणी घरातला रोजचा पदार्थ. बाजारात मोरीची टोपली घेऊन बसणारी बाई त्या जुलैपासून कायद्याने वाघाच्या कातड्याचा व्यापार करणाऱ्याच्या रांगेत उभी राहिली. देशभरच्या मच्छीमारांनी विरोध केला आणि ५ डिसेंबर २००१ च्या अधिसूचनेने यादी दहावर आली. त्यात व्हेल शार्क राहिला. गंगा शार्क, करवत मासे, काही पाकट राहिले. सगळ्या मुशींचे संरक्षण पाच महिनेही टिकले नाही.

या तारखांवरून एक निष्कर्ष काढता येतो. व्हेल शार्कवरच्या बंदीला किनाऱ्यावर तोड निघाली, कारण तो मासा कोकणातल्या रोजच्या जेवणात नव्हता. मोरीवरची बंदी मोडली, कारण तो रोजचा मासा होता आणि त्याच्या बदल्यात काहीच देऊ केले नव्हते. माशाचे दुर्मिळपण दोन्हीकडे खरे होते. दिव्या कर्नाड, दीपानी सुतारिया आणि रीमा जाबादो यांचा गुजरात-महाराष्ट्रातल्या मुशीमारीवरचा अभ्यास २०२० मध्ये ‘अँबिओ’ या नियतकालिकात आला. मोठ्या मुशी कमी झाल्याचे मच्छीमारच सांगतात आणि बहुतेक मुशी दुसऱ्या मासळीबरोबर जाळ्यात येतात, असे तो दाखवतो. मांसाला देशातच गिऱ्हाईक असते, त्यामुळे केवळ परांचा व्यापार बंद करून भागत नाही. केंद्राने २०१३ मध्ये पर कापून धड समुद्रात फेकण्यावर आणि २०१५ मध्ये परांच्या निर्यातीवर बंदी घातली, तरी मासळी बाजारातली मोरी त्याने हलली नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने आणखी अनेक मुशी आणि पाकट अनुसूचीत घेतले. २००१ चा अनुभव म्हणूनच आता पुन्हा वाचायला हवा.

तो अनुभव पाठीशी असतानाच गुजरातमध्ये वेगळे घडले. २००४ पासून वन विभाग, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि टाटा केमिकल्स यांनी वेरावळच्या किनाऱ्यावर मोहीम चालवली. रामकथाकार मोरारीबापूंनी व्हेल शार्कला ‘व्हाली’ म्हणून माहेरवाशिणीचा मान दिला. एवढ्यावर जाळे कापले गेले नसते. जाळे कापून मासा सोडणाऱ्याला वन विभागाने भरपाई दिली, आणि पुढे मच्छीमारांच्याच हाती कॅमेरे दिले, म्हणजे अधिकारी येईपर्यंत मासा अडकवून ठेवायची गरज उरली नाही. सातशेहून अधिक व्हेल शार्क अशा रीतीने सुटले. पुराव्याच्या दृष्टीने हा मोठा बदल होता. बुइस्टच्या काळापासून मच्छीमाराविषयी दुसरेच कोणी लिहीत आले होते. आता नोंद मच्छीमार स्वतः करू लागला आणि त्या नोंदीवर पैसे मिळू लागले. महाराष्ट्रानेही डिसेंबर २०१८ मध्ये तशीच योजना आणली: संरक्षित सागरी प्राणी सोडताना जाळे फाटले, तर छायाचित्र किंवा चित्रफीत देऊन २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. इथले बहुसंख्य दाखले कासवांचे असले, तरी व्हेल शार्कही सोडले गेले.

मालवणचा मच्छीमार बंधनांच्या विरोधात असतो, हा समजही कागदावर टिकत नाही. पर्ससीन जाळ्यांविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलन करणारे पारंपरिक मच्छीमारच होते. ५ फेब्रुवारी २०१६ च्या राज्य आदेशाने त्या जाळ्यांचे परवाने आणि हंगाम आवळले, तो त्यांच्याच मागणीचा परिणाम. बंधन कुणावर आणि कुणाला विचारून, एवढाच वाद आहे.

मग उरतो पाण्याखालचा पर्यटक. मालदीवमध्ये १९९३ च्या एका अभ्यासाने दाखवले होते की एका डुबकीस्थळी जिवंत राखाडी मुशी वर्षाला ३३,५०० डॉलर मिळवून देते, मेलेली ३२ डॉलर. तिथे २०१० मध्ये मुशीमारीवर पूर्ण बंदी आली, आणि हा हिशेब जगभर सांगितला जातो. मालवणला तो जसाच्या तसा लागू होत नाही. मालदीवच्या प्रवाळात मुशी ठरलेल्या जागी दिसते. मालवण-तारकर्लीला पर्यटक येतो तो खडक, प्रवाळ आणि रंगीत मासे पाहायला. व्हेल शार्क ठरलेल्या वेळी येत नाही, पावसाळ्यात डुबकी बंद असते, पाणी वर्षभर नितळ नसते. तारकर्लीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आणि नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली आयएनएस गुलदार निवतीजवळ बुडवून प्रेक्षणीय करण्याचा बेत, यांतून रोजगार येईल. मच्छीमारांची मुले होड्या चालवतात, मार्गदर्शक होतात, हेही खरे. पण तो पैसा मोरी पकडणाऱ्या हाताला थांबवायला आपोआप पोहोचत नाही. पर्यटकाला खडक दाखवून मिळणारे उत्पन्न एका घरात जाते आणि मोरीसाठी जाळे न टाकल्याचा तोटा दुसऱ्या घरात राहतो.

म्हणून मालवणच्या बाबतीत पुढचा कागद कोणता हवा, हे आधीचे कागदच सांगतात. २६-अ मधली अट १९८७ च्या अभयारण्यालाही लावावी. कोणत्या खडकावर, कोणत्या महिन्यात, कोणते जाळे लागते, रापण कोणत्या वाळूवर ओढली जाते, ही हक्कनोंद मच्छीमारांनी स्वतः लिहावी आणि जिल्हाधिकाऱ्याने ती मान्य करावी. मोठ्या मादी मुशी किंवा पिल्ले सोडल्यास जाळ्याच्या भरपाईसारखी रक्कम त्याच नोंदीवर मिळावी; स्कूबाच्या शुल्काचा ठरलेला वाटा तिथे भरला जावा. असे करायला नवा कायदा लागत नाही. १९९१ पासून छापलेले कलम पुरे आहे. ते वापरायचे राहिले आहे.