तिसरा मालक

14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींनी हरपाल सिंग यांच्या हाती पहिल्या मारुती 800 ची किल्ली दिली. तेव्हा आमच्या चिपळुणात गाडी म्हणजे डॉक्टरांची फियाट, नाहीतर पाहुण्यांची अँबॅसडर. 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं ते इवलंसं इंजिन कुंभार्ली घाट चढेल, यावर कोणाचा विश्वासच नव्हता.

माझ्याकडे ती आली 2003 मध्ये. 1996 चं मॉडेल, कार्ब्युरेटरवालं, आणि मी तिसरा मालक. थंडीत सकाळी चोकची मूठ ओढायची, इंजिन जरा गरम झालं की हळूच आत ढकलायची. एवढे लाड केले की दिवसभर तक्रार नाही. अकरा वर्षांत वाटेत उभी राहिली ती एकदाच, आणि तोही दोष माझाच. रेडिएटरचा होज पाइप बदला म्हणून मिस्त्री दोनदा बोलला होता. घाटातल्या तिसऱ्या वळणावर बॉनेटमधून वाफ निघाली. सायकलची जुनी ट्यूब आवळून बांधली, झऱ्याचं पाणी ओतलं, आणि हळूहळू कराड गाठलं. बायको मात्र पाटणपर्यंत बोलली नाही.

खरा शत्रू इंजिन नव्हे, गंज. कोकणातल्या पावसात पायाखालचा पत्रा इतका खाल्ला गेला की रबरी मॅट उचलली की खालचा रस्ता दिसे.

2010 च्या एप्रिलपासून प्रदूषणाच्या नव्या नियमांमुळे मुंबई-पुण्यात तिची विक्री थांबली, 2014 च्या जानेवारीत उत्पादनच संपलं. त्याच वर्षी मीही ती विकली. चौथा मालक अंडी विकतो. मागची सीट काढून त्याने ट्रे रचलेत.