छोटा भीम कोणाचा? मऊ खेळणी, वाढदिवसाची आरास आणि मालकीचा इतिहास

१/ भाटघर धरणाच्या जलाशयाला येसाजी कंक यांचे नाव आहे. शिवाजी महाराजांच्या या मावळ्याने गोवळकोंड्यात हत्तीशी झुंज दिली, ही कथा भोर-वेल्ह्याच्या मावळात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. दिवाळीत इथली मुले अंगणात किल्ला बांधतात आणि त्यावर मातीचे मावळे मांडतात. त्याच घरात वाढदिवसाला छोटा भीम, डोरेमॉन किंवा मिकी माउसच्या चित्रांची तोरणे, टोप्या आणि फुगे लागतात. भेट म्हणून त्याच पात्राचे एखादे मऊ, गुबगुबीत खेळणेही येते.

२/ मावळा आणि छोटा भीम दोघेही पराक्रमी, दोघेही मुलांचे लाडके. तरीही त्यांच्यात एक मोठा फरक आहे. मातीचा मावळा कोणत्याही कुंभाराने घडवावा आणि विकावा. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. छोट्या भीमाची बाहुली विकायची असेल, तर मात्र एका कंपनीचा परवाना लागतो. खेळण्यातल्या पात्राला मालक केव्हा आणि कसा मिळाला, याचा हा इतिहास.

३/ आरंभ जुन्या खेळण्यांपासून करू. चिंध्यांची बाहुली, लाकडी ठकी, भातुकली, बेंदूर-पोळ्याचे मातीचे बैल ही महाराष्ट्रातील घरोघरची खेळणी. त्यांचे आकार परंपरेने ठरलेले होते, पण ते कोणाच्या मालकीचे नव्हते. बाहुलीचे नाव मूल ठेवी, तिचे लग्नही मूलच लावी. आजीने जुन्या लुगड्याच्या तुकड्यांतून केलेल्या बाहुलीला कथा नसे. ती खेळता खेळता तयार होई.

४/ वाढदिवसाचेही तसेच. तिथीने येणारा वाढदिवस, पाट, रांगोळी, निरांजनाचे तबक, सुपारी आणि सोन्याच्या अंगठीने केलेले औक्षण, पानात काहीतरी गोड. यातली प्रत्येक वस्तू घरात आधीच असे. वाढदिवसासाठी वेगळी सामग्री विकत आणावी आणि दुसऱ्या दिवशी ती टाकून द्यावी, ही कल्पनाच त्या सोहळ्यात नव्हती.

५/ आता १९०२ च्या अमेरिकेत जाऊ. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट नोव्हेंबरात मिसिसिपी राज्यात शिकारीला गेले. सोबतच्या लोकांनी एक अस्वल पकडून झाडाला बांधले. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडण्यास रूझवेल्ट यांनी नकार दिला. क्लिफर्ड बेरीमन यांनी या प्रसंगावर ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये व्यंगचित्र काढले. ब्रुकलिनचे दुकानदार मॉरिस मिकटम यांनी ते पाहून कापडी अस्वल विक्रीस मांडले. तेच ‘टेडी बेअर’. ‘टेडी’ हे थिओडोरचे लाडके रूप.

६/ याच सुमारास जर्मनीतील गींगेन गावी श्टाइफ कंपनीने मोहेर लोकरीचे, हातपाय हलणारे अस्वल तयार केले आणि १९०३ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत मांडले. ही कंपनी मार्गारेटे श्टाइफ यांची. लहानपणी पोलिओ झाल्याने त्या चाकाच्या खुर्चीत असत. टाचण्या खोचण्यासाठी त्यांनी नमद्याचे छोटे हत्ती शिवले. मुले त्यांच्याशी खेळू लागली आणि त्यातून मऊ खेळण्यांचा एक मोठा कारखाना उभा राहिला.

७/ टेडी बेअर चित्रातून जन्मला, पण त्या अस्वलावर कोणा एकाचा हक्क राहिला नाही. अमेरिकेत आणि युरोपात अनेक कारखान्यांनी आपापले टेडी केले. म्हणजे नुसती लोकप्रियता पात्राला मालक मिळवून देत नाही. त्यासाठी कायद्याचा दरवाजा ठोठवावा लागतो. तो त्याच काळात एका लेखिकेने ठोठावला.

८/ बिअट्रिक्स पॉटर यांच्या ‘पीटर रॅबिट’ या सशाची गोष्ट १९०२ मध्ये प्रसिद्ध झाली. १९०३ च्या अखेरीस त्यांनी पीटरची बाहुली स्वतः शिवून लंडनच्या पेटंट कार्यालयात नोंदवली. पुढे त्याच सशाचे पटावरचे खेळ आणि चिनीमातीची भांडीही आली. पुस्तकातील पात्र आणि बाजारातील वस्तू यांना कायद्याने बांधणारा हा सुरुवातीचा एक स्पष्ट धागा आहे.

९/ १९२८ साल. वेळवंडी नदीवर, १९१२ मध्ये सुरू झालेल्या भाटघरच्या नव्या धरणाचे दीर्घ काम शेवटाला आले होते. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या नावावरून त्याला लॉइड धरण म्हणत. त्याच वर्षी वॉल्ट डिस्ने यांच्या हातून ‘ऑसवाल्ड’ नावाचा ससा गेला. पात्र त्यांचे होते, पण हक्क वितरक कंपनीकडे होते. हा धडा ते विसरले नाहीत. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘स्टीमबोट विली’ झळकला. यातला उंदीर मात्र पूर्णपणे डिस्नेच्या मालकीचा होता.

१०/ मिकीची पहिली गाजलेली कापडी बाहुली १९३० मध्ये लॉस एंजेलिसच्या शार्लट क्लार्क यांनी शिवली. डिस्ने बंधूंना ती इतकी आवडली की त्यांनी तिला मान्यता दिली. मागणी हाताच्या शिलाईच्या आवाक्याबाहेर गेली, तेव्हा मॅक्कॉल कंपनीने १९३२ मध्ये मिकी-मिनीच्या बाहुल्यांचा कागदी नमुना विक्रीस काढला. आयांनी तो बेतून घरीच मिकी शिवावा, अशी ती योजना. बाहुली अजूनही आईच्या हातचीच होती. तिचा आकार मात्र आता विकत घ्यावा लागत होता.

११/ १९३२ मध्येच के केमन या जाहिरात व्यावसायिकाने डिस्नेच्या परवान्यांची सूत्रे हाती घेतली. पद्धत अशी : कारखानदाराने माल काढायचा, नमुना डिस्नेकडून मंजूर करून घ्यायचा आणि विक्रीच्या रकमेतून ठरलेला हिस्सा द्यायचा. १९३३ मध्ये इंगरसोल कंपनीचे मिकीचे घड्याळ आले आणि मंदीच्या काळातही त्याचा प्रचंड खप झाला. आजचा सारा कार्टून-बाजार याच पद्धतीवर चालतो.

१२/ पार्टीची सामग्रीही मागे राहिली नाही. क्रेप कागदासाठी प्रसिद्ध असलेल्या डेनिसन कंपनीने १९३० च्या दशकात मिकीच्या नावाने मुलांच्या पार्टीची आरास सुचवली. बाहुली वर्षानुवर्षे टिकते. कागदी टोपी, थाळी आणि तोरण एका संध्याकाळपुरते असते. पुढच्या वाढदिवशी ते पुन्हा विकत घ्यावे लागते. व्यापाराच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा ठरला.

१३/ मालकी किती दूरवर पोहोचली, याचे एक उदाहरण खुद्द पार्टीतल्या गाण्याचे. ‘हॅपी बर्थडे’ची चाल पॅटी आणि मिल्ड्रेड हिल या भगिनींच्या १८९३ मधील एका बालगीताची. तरी अमेरिकेत एक संगीत कंपनी चित्रपटांकडून या गाण्यासाठी शुल्क घेत असे. २०१५ मध्ये तेथील न्यायालयाने कंपनीचा हा दावा फेटाळला, तेव्हा कुठे ते गाणे सर्वांचे झाले.

१४/ आता महाराष्ट्राकडे वळू. दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काडेपेटीतल्या काड्या पडद्यावर नाचवल्या होत्या. १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग उभा राहिला. तेथील कलावंतांना शिकवण्यासाठी क्लेअर वीक्स आले. ते भारतात जन्मलेले आणि डिस्नेकडे ‘बाम्बी’सारख्या चित्रपटांवर काम केलेले चित्रकार होते. जातककथेवरचा ‘द बनियन डिअर’ हा १९५७ चा लघुपट याच विभागाचा.

१५/ म्हणजे डिस्नेचे तंत्र मुंबईत १९५६ मध्येच पोहोचले होते; डिस्नेचा बाजार मात्र आला नाही. १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ हा भीमसेन यांचा लघुपट दूरदर्शनवर पाहून एक अख्खी पिढी वाढली. तरी त्यातल्या पाखरांच्या खेळण्यांचा व्यापार उभा राहिला नाही. कारणे उघड आहेत. हे चित्रपट सरकारी, लोकशिक्षणासाठीचे. त्यांत आठवड्यामागून आठवडे परत येणारा नायक नव्हता, आणि पात्र विकून नफा मिळवणे हा त्यांचा हेतूही नव्हता.

१६/ ही स्थिती १९९० च्या दशकात पालटली. १९९३ मध्ये दूरदर्शनवर जपानी बनावटीची ‘जंगल बुक’ मालिका हिंदीतून आली आणि रविवारची सकाळ मोगलीची झाली. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क, २००४ मध्ये पोगो आणि हंगामा या वाहिन्या आल्या. ‘डोरेमॉन’ हिंदी बोलू लागला. पात्र आता रोज भेटू लागले, तेही घरातच. त्यातच १ एप्रिल २००१ पासून आयातीवरील उरलेले संख्यात्मक निर्बंध उठले आणि चिनी खेळण्यांचा ओघ वाढला.

१७/ २००८ मध्ये हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीचा ‘छोटा भीम’ पोगोवर आला. राजीव चिलका यांनी निर्मिलेला हा ढोलकपूरचा लाडूप्रेमी मुलगा. कंपनीने केवळ मालिका केली नाही. बाहुल्या, दप्तरे, कपडे विकण्यासाठी स्वतःची दुकानेही काढली. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनने जे केले नव्हते, ते येथे पूर्ण झाले. रोज परत येणारा नायक, एकाच्या हाती हक्क, स्वस्त कारखानदारी आणि दरवर्षी येणारा वाढदिवस हे चार दुवे एकत्र जुळले.

१८/ येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबावे, अशी एक गोष्ट आहे. महाभारतातला भीम कोणाचाच नाही, म्हणून तो सर्वांचा आहे. कीर्तनकार, सोंगाडी, मूर्तिकार, चित्रकथांचे लेखक यांपैकी कोणीही त्याला आपल्या परीने उभा केला. छोट्या भीमाने त्या सामायिक नावाचे आणि बळाचे भांडवल घेतले, पण त्याचा चेहरा आणि रूप मात्र एका कंपनीच्या हक्काखाली गेले. सार्वजनिक विहिरीचे पाणी बाटलीत भरून विकावे, तसेच हे. बाटलीवाल्याचे श्रम खरे आहेत. विहीर मात्र त्याने खणलेली नाही.

१९/ याची झळ कोणाला लागते? हाताने खेळणी घडवणाऱ्याला. मुले जे पात्र मागतात, ते त्याने परवान्याशिवाय घडवले तर ती नक्कल ठरते. परवाना घेणे त्याच्या ऐपतीबाहेरचे. म्हणून जत्रेत आणि पुण्याच्या बोहरी आळीसारख्या घाऊक बाजारात डोळे थोडे तिरळे, रंग थोडा वेगळा असे ‘जवळजवळ मिकी’ आणि ‘जवळजवळ भीम’ दिसतात. त्यांना केवळ चोरी म्हणून सोडून देता येत नाही. खिशात कमी पैसे असलेल्या घराने मुलाचा हट्ट पुरवण्यासाठी काढलेली ती वाट आहे.

२०/ राज्यसंस्थेनेही या बाजारात हात घातला. खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के, तर २०२३ मध्ये ७० टक्के झाले. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट मिळाली. सुटणारे डोळे, विषारी रंग, सहज पेट घेणारे कापड यांपासून मुलांचे रक्षण होणे आवश्यकच आहे. पण हे नियम वस्तूच्या सुरक्षिततेचे आणि आयातीचे आहेत. पात्र कोणाचे, हा प्रश्न त्यांनी सुटत नाही.

२१/ म्हणून जुने सारे चांगले आणि नवे सारे वाईट, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. चिंध्यांच्या बाहुलीच्या काळात अनेक मुलांचा वाढदिवस कोणाच्या लक्षातही राहत नसे. आज जलाशयाकाठच्या वस्तीतही मुलीच्या नावाचे तोरण लागते, केकपूर्वी औक्षणही होते. मऊ अस्वलाला कुशीत घेऊन झोपणाऱ्या मुलाला परवान्याशी कर्तव्य नसते. प्रश्न एवढाच की, पुढच्या पिढीच्या ओळखीच्या चेहऱ्यांपैकी किती चेहरे तिला स्वतः घडवता येतील.

२२/ मालकीही कायमची नसते. १ जानेवारी २०२४ रोजी ‘स्टीमबोट विली’वरील अमेरिकेतील स्वामित्वहक्क संपला. त्या चित्रपटातला मिकी तेथे ९५ वर्षांनी सर्वांचा झाला. नंतरची बरीच रूपे आणि व्यापारचिन्हे अजून कंपनीकडेच आहेत. येसाजी कंकांना मात्र एवढी वाट पाहावी लागली नाही. त्यांचा मातीचा पुतळा आज भोरमधल्या कोणत्याही मुलाने करावा, हत्तीही करावा, आणि किल्ल्याच्या पायथ्याशी दोघांना समोरासमोर उभे करावे. शेजारी छोटा भीम ठेवला, तरी त्या अंगणात कोणाची हरकत नाही.