शंभर सीसीची पिढी : बीड जिल्ह्यातील जुन्या जपानी मोटरसायकली

बीड जिल्ह्यात नूतनीकरणासाठी हाती लागणारी जुनी जपानी मोटरसायकल सहसा जपानहून आलेली नसते. तिची रचना यामाहा, सुझुकी, होंडा किंवा कावासाकीची असते, पण गाडी दिल्लीच्या आसपास, होसूरला किंवा महाराष्ट्रात बांधलेली असते. परदेशी दुचाकींच्या आयातीवर त्या काळी कडक निर्बंध होते आणि जकातही जबर होती. त्यामुळे 1969 सालची होंडा सीबी 750 सारखी जगभर गाजलेली यंत्रे मराठवाड्यात जवळपास पोहोचलीच नाहीत. इथल्या जपानी गाड्यांचा इतिहास 1983 मध्ये सुरू होतो आणि टू-स्ट्रोक गाड्यांचा काळ 2005 च्या सुमारास संपतो. या मधल्या वर्षांत कोणती गाडी कशामुळे आली आणि कशामुळे गेली, हे कळले की आज कोणती उचलावी याचा निर्णय सोपा होतो.

त्याआधी ग्रामीण महाराष्ट्रात मोटरसायकल म्हणजे बुलेट, जावा-येझदी किंवा राजदूत. बुलेट इंग्रजी वळणाची, जावा चेकोस्लोव्हाकियाची आणि एस्कॉर्ट्सची राजदूत 175 पोलंडच्या रचनेवर बेतलेली. राजदूत दणकट असल्याने दूधवाले, व्यापारी आणि बागायतदार ती वापरत. शहरात बजाजच्या स्कूटरसाठी नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. 1972 मध्ये आलेली कायनेटिक कंपनीची लुना शेजारच्या तेव्हाच्या अहमदनगरची आणि पुण्याची; शिक्षक, पोस्टमन यांची सोय तिने केली, पण घाटरस्ता आणि दोन माणसांचे ओझे हे तिचे काम नव्हते.

जपानमध्ये तोवर मोटरसायकलीच्या दोन परंपरा पक्क्या झाल्या होत्या. यामाहाची 1955 ची पहिली गाडी वायए-1 ही जर्मन डीकेडब्ल्यू आरटी 125 वर आधारलेली टू-स्ट्रोक होती. 1961 मध्ये पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर पळून गेला आणि टू-स्ट्रोक इंजिनातून जास्त ताकद काढण्याची विद्या त्याच्यासोबत सुझुकीकडे पोहोचली. होंडाने मात्र 1958 च्या सुपर कबसारख्या गाड्यांतून फोर-स्ट्रोकवर भर दिला. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदा. म्हणून पहिल्या प्रकारात रचना सुटसुटीत आणि उसळी जास्त, पण पेट्रोलसोबत ऑइलही जळते आणि धूर होतो. दुसऱ्यात ताकद कमी, पण इंधनाची बचत मोठी. भारतात पुढे जी स्पर्धा झाली तिचे मूळ या फरकात आहे.

भारतात पहिली आली ती सर्वांत मोठी. एस्कॉर्ट्सने 1983 मध्ये यामाहाच्या सहकार्याने राजदूत आरडी 350 बाजारात आणली. दोन सिलिंडर, 347 सीसी आणि जास्त ताकदीच्या मॉडेलमध्ये सुमारे 30 अश्वशक्ती. ही रचना जपानमध्ये 1970 च्या दशकातच मागे पडली होती. भारतीय गाडीला पुढे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक दिला गेला. कमी मायलेज, महाग सुटे भाग आणि वेगाच्या मानाने अपुरे ब्रेक यांमुळे ती फारशी खपली नाही. 1980 च्या दशकाअखेर तिचे उत्पादन थांबले.

खरा बदल सरकारच्या एका अटीने घडवला. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दुचाकी उद्योगात परदेशी सहकार्याला परवानगी मिळाली, पण इंजिन 100 सीसीपर्यंतचे असावे अशी मर्यादा होती. म्हणून चार जपानी कंपन्यांनी एकाच मापाच्या गाड्या आणल्या. होसूरच्या इंड-सुझुकीची एएक्स 100 ही 1984 मध्ये सर्वांत आधी आली. हीच कंपनी पुढे टीव्हीएस सुझुकी झाली. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 धारुहेड्याहून निघाली. त्याच वर्षाच्या अखेरीस एस्कॉर्ट्सने यामाहा आरएक्स 100 आणली. तिच्या पहिल्या काही हजार गाड्या जपानहून आलेल्या सुट्या भागांतून जोडल्या होत्या. 1986 मध्ये कावासाकी बजाज केबी 100 दाखल झाली. तेलाच्या दोन जागतिक संकटांनंतर लहान इंजिनाचे धोरण सरकारला सोयीचे होते आणि ग्राहकालाही.

या चौघींपैकी कावासाकीचा संबंध मराठवाड्याशी सर्वांत जवळचा. तेव्हाच्या औरंगाबादजवळ वाळूज येथे बजाज ऑटोच्या कारखान्याची पायाभरणी जानेवारी 1984 मध्ये झाली आणि 5 नोव्हेंबर 1985 रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. 1991 मध्ये कावासाकीच्या सहकार्याने फोर-स्ट्रोक 4एस चॅम्पियन आली, 1997 मध्ये बॉक्सर आणि जून 1998 मध्ये वाळूजमधूनच कॅलिबर बाहेर पडली. मराठवाड्यातील असंख्य तरुणांनी या कारखान्यात आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान उद्योगांत काम केले. मोटरसायकलची यांत्रिक समज या भागात पसरण्यात वाळूजचा वाटा मोठा आहे.

बीड जिल्ह्यात या गाड्यांची गरज भूगोलानेच निर्माण केली. परळी रेल्वेमार्गावर होती, पण बीड शहरात पहिली गाडी आली ती थेट 17 सप्टेंबर 2025 रोजी. तोवर सगळा भार एसटीवर आणि खासगी वाहनांवर. बालाघाटच्या रांगेवरील पाटोदा, धारूर, केज भागात गावे विखुरलेली आणि मुक्कामी एसटी चुकली की दुसरा दिवस. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या जमवण्यासाठी गावोगाव आणि तांड्यांवर फिरणारा मुकादम, दूध संकलन करणारा, अंबाजोगाईच्या रुग्णालयात किंवा परळीच्या औष्णिक वीज केंद्रात कामाला जाणारा माणूस, या सर्वांना स्वतःची दुचाकी हवी होती. लिटरला 80 किलोमीटरचा दावा करणारी सीडी 100 हिशेबी कुटुंबाने घेतली. सात-साडेसात अश्वशक्ती त्यांना पुरेशी होती. आरएक्स 100 चे इंजिन 98 सीसीचेच, पण 11 अश्वशक्तीचे आणि वजनाला हलके. घाटात, चढावर आणि कॉलेजच्या रस्त्यावर तिच्यापुढे कोणी टिकत नसे. पैलवान, पुढारी आणि पोरे यांच्यात तिचा जो दबदबा झाला, तो अजून ओसरलेला नाही.

टू-स्ट्रोकचा शेवट धुराने केला. वाहनांच्या धुरावर देशव्यापी मर्यादा 1991 मध्ये आल्या, 1996 आणि 2000 मध्ये त्या आणखी कडक झाल्या. 1996 मध्ये आरएक्स 100 बंद झाली. तिच्या जागी आलेली आरएक्स 135 साधारण 2005 पर्यंत तग धरून राहिली. 1994 मध्ये आलेल्या हिरो होंडा स्प्लेंडरने खेड्यातील बाजार काबीज केला होता. भागीदाऱ्याही तुटल्या. टीव्हीएस आणि सुझुकी 2001 मध्ये वेगळे झाले, तर हिरो आणि होंडा यांनी डिसेंबर 2010 मध्ये फारकत जाहीर केली. जुन्या गाड्या गोठ्याच्या कडेला, वाड्याच्या ओसरीत किंवा भंगाराच्या दुकानात जाऊन पडल्या. अनेकींच्या टाक्या, मडगार्ड आणि इंजिने दुसऱ्या गाड्यांना लागली.

आज त्यांना पुन्हा उभे करण्याची हौस वाढली आहे आणि बीडचे हवामान तिला अनुकूल आहे. जिल्ह्यात पाऊस कमी. कोकणात समुद्राची दमट, खारी हवा चेसिस आणि मडगार्ड आतून पोखरते; इथे 20 वर्षे उभ्या गाडीचाही सांगाडा बऱ्याचदा शाबूत सापडतो. या कामासाठी हिवाळा निवडला जातो, पण युरोप-अमेरिकेतल्यासारखा बर्फामुळे नव्हे. पावसाळ्यातील दमट हवेत रंगाची चमक जाते आणि उघड्या लोखंडावर एका रात्रीत तांबेरा चढतो. उन्हाळ्यात फुफाटा आणि 40 अंशांवरचे ऊन. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी आणि थंड असते. रब्बी ज्वारी पेरून झालेली असते आणि काढणीला अवकाश असतो, त्यामुळे शेतकरी कुटुंबालाही थोडी सवड सापडते.

गाडी निवडताना पहिली कसोटी कागदपत्रांची. खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. 1 जुलै 1989 नंतर नव्या पद्धतीचे क्रमांक सुरू झाले. त्यात बीडचा एमएच-23 आणि पुढे स्थापन झालेल्या अंबाजोगाई कार्यालयाचा एमएच-44. त्याआधीच्या गाडीवर तीन अक्षरी जुनी मालिका दिसते. आरसी बुकातील चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरील ठशांशी जुळले पाहिजेत. मूळ मालक मृत असेल तर वारसांची संमती, गाडी दुसऱ्या जिल्ह्यातील असेल तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांक पाटीही बसवावी लागते. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ दर्जा पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे झालेल्या वाहनालाच मिळतो. 1985 ची आरएक्स किंवा सीडी त्याला 2035 पूर्वी पात्र ठरत नाही. म्हणजे या पिढीच्या सर्व गाड्यांना आज सामान्य वाहनाचेच नियम लागू आहेत. कागद नसलेली गाडी कितीही देखणी असली तरी ती सुट्या भागांसाठीच घ्यावी.

दुसरी कसोटी सुट्या भागांची. सीडी 100 चे 97.2 सीसी इंजिन पुढे स्प्लेंडरमध्ये आले, त्यामुळे इंजिनाचे पुष्कळ भाग तालुक्याच्या दुकानातही मिळतात. आरएक्स 100 चे पिस्टन, रिंगा, क्लच प्लेटा, टाक्या, पाट्या असे जवळपास सर्व नव्याने बनते. पण नकला भरपूर आणि किमती चढ्या. आरएक्स 135 चे इंजिन बसवून आरएक्स 100 म्हणून विकलेल्या गाड्याही असतात, म्हणून इंजिन क्रमांकाची 1एल1 ही सुरुवात जाणकार आधी तपासतात. केबी 100 आणि एएक्स 100 स्वस्तात मिळू शकतात, मात्र त्यांचे दिवे, मीटर, बाजूची झाकणे पुण्याच्या नाना पेठेत किंवा जुन्या गॅरेजांत शोधावी लागतात. आरडी 350 ला दोन सिलिंडरांमुळे खर्च दुप्पट. क्रँक दुरुस्त करणारा कसबी कारागीर हाताशी नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये.

तिसरी कसोटी यंत्राची. टू-स्ट्रोकमध्ये इंधनमिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते, म्हणून तो भाग हवाबंद असावा लागतो. क्रँकची ऑइल सील कडक होऊन गळू लागली की हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन जाम होतो. बराच काळ उभी असलेली गाडी विकत घेतल्यावर लगेच किक मारून पाहणे हा त्यामुळे धोक्याचा प्रकार. आधी प्लग काढून सिलिंडरात थोडे ऑइल सोडावे आणि क्रँक हाताने फिरवून पाहावा. त्यानंतर सिलिंडर किती वेळा बोअर झाला आहे, कनेक्टिंग रॉडला किती ढिलाई आहे, टाकीत गंज आहे का आणि चेसिसला कुठे वेल्डिंग आहे का, हे पाहावे. ऑइल पंप काढून टाकलेल्या गाड्या अनेक असतात. अशा गाडीत पेट्रोलमध्येच योग्य प्रमाणात टू-टी ऑइल मिसळावे लागते.

कामाचा क्रमही ठरलेला आहे. खोलण्याआधी प्रत्येक बाजूने छायाचित्रे, नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत, मग इंजिन लेथवर आणि चेसिस रंगाला. वायरिंग, कार्बोरेटर आणि ब्रेक शेवटी. आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र मिळते आणि त्यातील काही इथेनॉल उसापासून बनते. इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून पेट्रोलचा पाइप, कार्बोरेटरची सुई व पॅकिंग नव्या प्रतीची बसवावीत आणि गाडी उभी करताना टाकी रिकामी करावी. सायलेन्सर फोडून आवाज वाढवण्याची फॅशन कायद्यात बसत नाही. ती यंत्रालाही घातक आहे, कारण टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा इंजिनाच्या श्वासाचाच भाग म्हणून आखलेला असतो. मूळ रंग, मूळ पाटी आणि मूळ सायलेन्सर असलेल्या गाडीलाच पुढे किंमत येते.

एकूण विचार करता, पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने कागद पक्के असलेली सीडी 100 घ्यावी. थोडा अनुभव आणि भरपूर पैसा असेल तर आरएक्स 100, आणि मराठवाड्याच्या औद्योगिक इतिहासाची जाण असेल तर केबी 100. आरडी 350 अनुभवी हातांसाठी ठेवावी. या चार गाड्यांमध्ये सर्वांत दुर्लक्षित केबी 100 आहे. तिच्या शाबूत गाड्या भंगारात जाण्यापूर्वी वाचवणे हे या हौशी मंडळींचे आज पहिले काम आहे.