गरोदर बायकांच्या गोळीची गोष्ट

जीवनसत्त्वांचा इतिहास म्हटला की पुस्तकांत हमखास खलाशी आणि लिंबं येतात, नाहीतर जावा बेटावरच्या कोंबड्या आणि पॉलिशचा तांदूळ. पण त्यातल्या एका शोधाची सुरुवात आपल्या परळला झाली, हे फारसं कुणी सांगत नाही.

१९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. तेव्हा गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत, दोन पावलं चालल्या की धाप लागे, आणि कितीतरी जणी दगावत. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांचं रक्त तपासलं, तर लाल पेशी कमी, आणि ज्या होत्या त्या नेहमीपेक्षा मोठ्या. विल्सबाईंनी जंतू शोधून पाहिले. पण त्याचबरोबर एक साधा प्रश्नही विचारला : तुम्ही जेवता काय?

उत्तर तिथेच होतं. हा आजार गरीब मुसलमान बायकांत सर्वांत जास्त होता, आणि त्यांच्या ताटात भाजीपाला, फळं, दूध अगदीच कमी. बाईंनी उंदरांना आणि मग माकडांना तसाच आहार दिला. आजारी माकडाला मार्माईट चारलं, म्हणजे बिअर करताना उरणाऱ्या यीस्टचा काळपट, खारट अर्क. माकड सुधारलं. मग तोच अर्क बायकांना दिला आणि त्याही सुधारल्या. १९३१ मध्ये हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं.

त्या अर्कातलं औषध कोणतं, ते मात्र १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून हाती लागलं. लॅटिनमध्ये फोलियम म्हणजे पान, म्हणून नाव फॉलिक ॲसिड. ते प्रयोगशाळेत बनवण्याचं काम अमेरिकेत तडीस नेलं, ते भीमावरमच्या यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या चमूने.

विल्सबाईंचं नाव निदान पुस्तकात आहे. ज्यांनी रक्त तपासायला दिलं, त्यांना आपण नुसतं 'गिरणीतल्या बायका' म्हणतो. आज सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या फुकट मिळतात, त्यामागे त्या बायका आहेत. आणि कितीतरी जणी 'मळमळतं' म्हणून त्या गोळ्या फडताळात टाकून देतात!

घरातल्या लेकीसुनांना एवढंच सांगेन : पालेभाजी उकडून पाणी ओतून देऊ नका, हे जीवनसत्त्व त्या पाण्याबरोबर जातं. आणि मूल हवं असं ठरवाल तेव्हाच डॉक्टरांना या गोळीबद्दल विचारा. बाळाचा मणका पहिल्या महिन्यातच घडतो, आणि त्यातला दोष या गोळीने बऱ्याच अंशी टळतो, हे १९९१ मध्ये सिद्ध झालं आहे. तोवर दिवस राहिल्याचं पुष्कळदा आईलाही कळलेलं नसतं.